डाळीचं वरचं पाणी

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

ही वही शिवानीताईंनी दिली. ऑपरेशनच्या पेशंटांनी काय खायचं ते दवाखान्यात त्या सांगतात. वहीत पुढून त्यांनी स्वतः चार रकाने आखलेत: वेळ, काय खाल्लं, किती खाल्लं, भूक होती का. रोज भरायचं आणि दर दोन आठवड्यांनी नेऊन दाखवायचं. म्हणजे पुढची बाजू त्यांची झाली. मागची बाजू माझी, ती त्यांनी उघडायची नाही. दहावीला दोनदा बसूनही मी पास झालो नाही, पण अक्षर माझं वळणदार आहे. लग्नाच्या सामानाच्या याद्या लिहून लिहून ते झालंय.

तर मी मन्सूर, आचारी, राहणार भोर, वय अठ्ठावन्न. नोव्हेंबरात टायफॉइडनं माझ्या आतड्याला भोक पडलं. डॉक्टरांनी पोट उघडलं, खराब तुकडा कापला, आणि आतली शिवण सुकेपर्यंत आतड्याचं तोंड पोटावर उजव्या बाजूला बाहेर काढून ठेवलं. घाटात दरड पडली की गाड्या दुसऱ्या रस्त्यानं वळवतात, तसं. त्या तोंडाला पिशवी चिकटवलेली असते. जे खाली जायचं ते आता पिशवीत जातं. यापेक्षा जास्त लिहीत नाही, ज्याला कळायचं त्याला कळलं.

आतडं पुन्हा आत टाकून पिशवी काढायची तर दोन अटी आहेत. वजन सत्तेचाळीस किलो व्हायला हवं आणि रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन साडेतीनवर जायला हवं. आज वजन चव्वेचाळीस, अल्ब्युमिन दोन पॉइंट सहा. मार्चच्या मध्यापर्यंत जमलं तर ठीक, कारण अठरा मेला भोंगवलीत माझ्या दोस्ताच्या मुलीचं, सारिकाचं, लग्न आहे आणि तिथला स्वयंपाक मलाच करायचाय. आधी फेब्रुवारीची तारीख होती. नवऱ्या मुलाला, अजितला, रजा मिळेना म्हणून मेमध्ये ढकलली. माझं नशीब म्हणायचं, दुसरं काय.

शिवानीताई म्हणाल्या, "प्रोटीन वाढवा मन्सूरकाका. मटण, अंडी, मासे, डाळी."

म्हटलं, "ताई, आचाऱ्याला मटण शिकवता होय?" त्या हसल्या. चांगली मुलगी आहे, पण वयानं लहान.

५ जानेवारी, रविवार

आजपासून यखनी सुरू. माझ्या उस्तादांचं वाक्य आहे, मटणाचा जीव पाण्यात उतरतो. पाव किलो मटण, हाडासकट, मंद आचेवर चार तास. वरचा फेस काढत राहायचं. मग मलमलच्या फडक्यातून गाळायचं. वाटीतून तळ दिसला पाहिजे, इतकं स्वच्छ. बायकोला, हसीनाला, जमणार नाही म्हणून खुर्ची टाकून मी स्वतः चुलीपाशी बसलो. एक वाटी प्यालो. अंगात ऊब आली.

उरलं ते मटण म्हणजे चोथा. चिंध्या झालेल्या, चव नाही. माझा मुलगा खालिद ते तोंडात घालीना. हसीनानं ते सुभेदाराला घातलं. सुभेदार आमचा बोका.

दुपारी मूगडाळीचं वरचं पाणी, जिरं-तुपाची फोडणी देऊन. आजाऱ्याला वरचं पाणीच देतात, माझ्या आईनं मला गोवरात तेच दिलं होतं. खालचा घट्ट गोळा खालिदनं भातावर घेतला. अंडी मात्र खाणार नाही, उष्ण पडतात.

पुढच्या बाजूला लिहिलं: मटण, पाव किलो. मूगडाळ, एक वाटी. भूक: नव्हती.

९ जानेवारी, गुरुवार

सर्जेराव येऊन गेला. सर्जेराव म्हणजे सारिकाचा बाप आणि माझा शाळेपासूनचा दोस्त. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं मेकॅनिक होता, आता निवृत्त. येताना लीलाबाईंनी दिलेले हुलगे घेऊन आला. लीलाबाई त्याची बायको, माहेर वेल्ह्याकडचं, तिथून हुलगे, नाचणी येत असते. सालाचं कडधान्य मला तूर्त बंद आहे असं हसीनानं सांगितलं, तर म्हणाला, "मग ऱ्हाऊ द्या डब्यात, वहिनी. मे म्हैन्यात खाईल."

म्हटलं, "सर्जा, जमलं नाही तर दुसरा आचारी बघून ठेव."

"सारिकाच्या बारशाला कोन हुतं?"

"मी."

"मग लग्नाला बी तूच. इषय संपला."

सारिकाचं बारसं ही माझी पहिली स्वतंत्र डेग, म्हणजे पंगतीचं मोठं भांडं. तोवर उस्तादांच्या हाताखाली कांदे चिरत होतो. चौदा वर्षं चिरले. एकट्यानं काम द्यायला कुणी तयार नव्हतं, सर्जेरावनं दिलं. भात खालून थोडा लागला होता. पंगतीत हा उठून म्हणाला, "मला खरपुडीच आवडते." त्याला खरपुडी आजही आवडत नाही.

१७ जानेवारी, शुक्रवार

वजन त्रेचाळीस किलो दोनशे ग्रॅम.

वाढायचं सोडून उतरलं. शिवानीताईंनी पुढची पानं तीनदा वाचली. "काका, रोज पाव किलो मटण? दोन वेळा डाळ? आणि वजन कमी?" मी म्हटलं, लिहिलंय ते खरं आहे. त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, आतडं कदाचित घेतच नाहीये, मग ऑपरेशन पावसाळ्यानंतर बघू.

पावसाळ्यानंतर म्हणजे लग्नानंतर. परत येताना एसटीत हसीना एक शब्द बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा मला भीती वाटते.

१९ जानेवारी, रविवार

भूक नाही. यखनी प्यालो, दीड वाटी. वाढवलीय.

शेजारीण हसीनाला विचारत होती, तुमची मांजर कितवा महिना. हसीना म्हणाली, तो बोका आहे. त्याच्या अंगावर तूप चोपडल्यासारखी चकाकी आलीय. भिंतीवर उडी मारायला आता दोन प्रयत्न लागतात. खालिदचीही जुनी पँट कंबरेत बसेना म्हणून नवी आणली, टेम्पो चालवून चालवून पोट सुटतं म्हणतो. माझं आजारपण माझ्याशिवाय घरातल्या सगळ्यांना मानवलंय. आश्चर्यच आहे.

२१ जानेवारी, मंगळवार

आज जे झालं ते लिहायला लाज वाटते, पण ही बाजू माझी आहे.

सर्जेराव सकाळीच आला. मी यखनी गाळत होतो. फडक्यात राहिलेलं मटण हसीनानं ताटलीत काढलं आणि सुभेदार धावत आला, म्हणजे आता जेवढं धावता येतं तेवढं. सर्जेराव बघत राहिला.

"ह्ये रोजचं हाय?"

"रोजचं," मी म्हटलं. "जीव माझ्याकडं आला, चोथा त्याच्याकडं."

"आन डाळ?"

"पाणी मला, गोळा खालिदला."

त्यानं बाह्या सरसावल्या. कोपऱ्यातला तांदळाच्या पोत्यांचा काटा ओढून मधोमध आणला, सुभेदाराला काखेत धरून स्वतः उभा राहिला, मग त्याला सोडून पुन्हा उभा राहिला. वजाबाकी केली. पाच किलो नऊशे. दिवाळीत खालिदनं गंमत म्हणून असाच तोलला होता, तेव्हा चार दोनशे भरला होता. ते भिंतीवर खडूनं लिहिलेलं अजून होतं.

सर्जेराव पोत्यावर बसला. "मन्सूर, गाडी ॲव्हरेज देत न्हाई म्हनून तू इंजन खोलाय निगालास. आन पेट्रोल हितं बोका पितोय."

मला आधी राग आला. उस्तादांचं वाक्य चुकीचं असूच शकत नाही असं वाटलं. त्यानं माझ्याच मोबाईलवरून शिवानीताईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, काट्यासकट. पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटलं रेंज गेली. मग कळलं की त्या तोंडावर हात धरून हसत होत्या. हसू आवरल्यावर म्हणाल्या, उद्या या, आणि हसीनाकाकूंना घेऊन या.

जाताना सर्जेरावला शपथ घातली, बोक्याचं कुणाला सांगायचं नाही. "न्हाई सांगत," म्हणाला. शब्दाचा पक्का आहे.

२२ जानेवारी, बुधवार

शिवानीताईंनी हसण्यावर नेलं नाही. समोर बसवून विचारलं, "काका, लग्नात आधी कोण जेवतं?"

"पाहुणे. पंगती उठल्यावर वाढपी. आचारी शेवटी. आम्ही तर डेगीतलं खातच नाही. मीठ हाताच्या पाठीवर घेऊन चाटायचं, बस. वासानंच पोट भरतं. उस्तादांचा नियम आहे."

"आतड्याचा नियम उलटा आहे," त्या म्हणाल्या. "आतडं सगळ्या शरीराचा आचारी. पण तो आधी स्वतः जेवतो, मग बाकीच्यांना वाढतो."

मग त्यांनी सावकाश समजावलं, मला जसं कळलं तसं लिहितो. आपण मटण खा, डाळ खा, पोटात गेल्यावर त्याचे सुटे सुटे मणी होतात. त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. वीस प्रकारचे मणी. त्यातले नऊ शरीराला बनवता येत नाहीत, ते ताटातूनच यावे लागतात. आतड्याच्या आतलं अस्तर चार-पाच दिवसांत झिजून नवं होतं, आणि ते नवं विणायला हे मणी लागतात. एकाचं नाव ग्लुटामिन, त्याला आतडं सरपणासारखं जाळतं, त्यावरच त्याचं काम चालतं. दुसरा थ्रिओनिन, त्यापासून आतला बुळबुळीत लेप होतो, नाहीतर अन्नच आतड्याला खरवडेल. यखनीत चव उतरते, मीठ उतरतं, थोडंफार सत्त्वही उतरतं, पण मणी बहुतेक त्या चिंध्यांतच राहतात. डाळीचेही खालच्या गोळ्यात.

मी विचारलं, "म्हणजे अस्तर चार दिवसांत नवं?"

"साधारण."

मनात हिशेब केला. पाच जानेवारीपासून चार वेळा माझं आतडं नवं कापड विणायला बसलं असणार, आणि चारही वेळा मी त्याच्यापुढे पाणी ठेवलं.

आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. तांदळात एक मणी कमी पडतो, लायसिन. डाळीत तो भरपूर. डाळीत जो कमी, तो तांदळात आहे. दोन्ही एका ताटात आले की माळ पुरी होते. चाळीस वर्षं मी डाळ आणि भात एकाशेजारी एक वाढतोय. कुणीतरी हे आधीच शोधून ठेवलं होतं आणि मी नुसता वाढत राहिलो.

हसीना दवाखान्याबाहेर आल्यावर बोलली. "उद्यापासनं चुलीपाशी खुर्ची टाकायची न्हाई. म्या करनार. तुमी खानार." मग थोडं चालल्यावर म्हणाली, "मला वाटत हुतं ओ, हे चुकतंय. पर तुमी आचारी." हे तिनं असं म्हटलं की मला एसटी येईपर्यंत तिच्याकडं बघवेना.

घरी येऊन पुढच्या बाजूची सगळी पानं दुरुस्त केली. जिथं 'मटण' होतं तिथं 'मटणाचं पाणी', जिथं 'डाळ' तिथं 'डाळीचं पाणी'. सतरा दिवस. तांबड्या पेनानं.

२६ जानेवारी, रविवार

मऊ खिमा, घोटलेली डाळ, गुरगुट्या भात, दही. एक अंडंही खाल्लं. उष्ण पडलं नाही.

भूक: नव्हती. तरी खाल्लं. सुभेदार ताटासमोर बसून माझ्याकडं पाहत राहिला. माणसाला इतकं वाईट वाटायला लावणारी नजर फक्त सावकाराला आणि बोक्याला असते. एक तुकडा दिला. हसीनानं पाहिलं, दोघांनाही बोलणी बसली.

३१ जानेवारी, शुक्रवार

चव्वेचाळीस किलो शंभर. शिवानीताईंनी वहीवर फुली मारायच्या जागी फूल काढलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

उत्रोलीला गेलो, लग्नाचा तांदूळ बघायला. खालिदचा टेम्पो, पुढं मी आणि सर्जेराव. दोन महिन्यांनी तांदूळ तळव्यावर घेतला, इंद्रायणीचा वास घेतला आणि फार बरं वाटलं. गिरणीवाला सावळाराम माझा जुना ओळखीचा. बोलता बोलता म्हणाला, "आन बोका बरा हाय का?" मी म्हटलं बरा आहे. याला माझा बोका कुठून माहीत? पुढं पाणी द्यायला आलेल्या म्हाताऱ्या बाईनंही विचारलं. गावात मांजरांचं बरंच दिसतंय.

परतताना पिशवी सुटली. खड्ड्यात टेम्पो आदळला आणि सगळं अंगावर, सीटवर. वाटलं, असा माणूस दोन हजार लोकांचं अन्न शिजवणार? याच्या हातचं कोण खाईल? डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायलाही हात स्वच्छ नव्हते.

सर्जेरावनं टेम्पो शेतातल्या मोटरीपाशी घ्यायला लावला. खालिदला म्हणाला, "तू टावेल धर आन तिकडं तोंड कर." मग पाइप घेऊन त्यानं मला धुतलं. थंडगार पाणी होतं.

"सर्जा, राहू दे रे. लाज वाटते."

"तीस वर्सं डेपोत गाड्यांच्या खाली झोपून ऑइल अंगावर घेतलंय. ह्ये काय. हात वर कर."

हात वर केला. वर बघतो तर खालिदनं धरलेला टॉवेल हलत होता. पोरगं रडतंय असं वाटलं. नीट पाहिलं तर हसत होतं, कारण पाण्याचा फवारा उडून सर्जेरावची टोपी पाटातून वाहत निघाली होती आणि त्याला कळलंच नव्हतं. मग मीही हसलो. पोटावर हात धरून हसलो. शिवण दुखली, तरी हसलो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पंचेचाळीस किलो तीनशे. अल्ब्युमिन तीन पॉइंट एक.

अजित आला होता, सारिकाचा होणारा नवरा. वरव्याजवळच्या कंपनीत आहे. माझ्यासाठी धरणाची चिलापी आणली, ताजी, काटे काढून. गुरुवारीही दुपारी आला होता, त्याआधी सोमवारीही. रजा मिळत नाही म्हणतात, पण पोरगा तसा मोकळा दिसतो. आजकालच्या कंपन्यांचं काही कळत नाही.

चिलापी हळद-मिठात वाफवली. सर्जेराव सांगत होता ते खरं, अजितला माणसाची पारख आहे. मी खाताना तो समोर बसून मासा संपेपर्यंत उठला नाही.

२ मार्च, रविवार

आज पहिला रोजा. हसीना पहाटे उठली, खालिद उठला. मी पडून ऐकत होतो. समज आल्यापासून मी एकही रोजा सोडला नव्हता. भर उन्हात, डेगीपाशी उभा राहून, हजार माणसांचं शिजवतानाही नाही.

दहा वाजता हसीनानं ताट आणलं. तिच्या तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि माझ्यापुढं अंडं, भात, डाळ. म्हटलं, "मला गिळणार नाही."

"आजाऱ्याला सवलत हाय. ती अल्लानं दिलीय, म्या न्हाई. तुमी कोन नको म्हननारे?"

भिंतीकडं तोंड करून जेवलो. ती मागे उभी होती. संपल्यावर ताट उचलताना म्हणाली, "बरे व्हा, मग फेडा एकेक." आवाजात इतकी माया होती की ताट तिच्या हातातून घेऊन मीच घासायला गेलो. तिनं घासू दिलं नाही.

१० मार्च, सोमवार

सत्तेचाळीस किलो शंभर. अल्ब्युमिन तीन पॉइंट सहा.

शिवानीताईंनी आकडा मोठ्यानं वाचला आणि ओळीत बसलेल्या बाकीच्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. का ते त्यांना माहीत नव्हतं. सतरा तारखेला ऑपरेशन.

आनंदाच्या भरात मी काट्यावरून उतरलोच नाही. नर्स म्हणाली, काका, पुढच्यांना येऊ द्या.

१७ मार्च, सोमवार, सकाळ

आज. हसीना दुआ वाचतेय. सर्जेराव दाराशी उभा आहे, लीलाबाईंनी पाठवलेला धागा हातात घेऊन. नर्स म्हणते आत धागा चालणार नाही, तर यानं स्वतःच्या मनगटाला बांधला. म्हणतो, "माझ्याकडनं बी पोचंल."

२१ मार्च, शुक्रवार

पिशवी नाही. उजव्या बाजूला हात जातो आणि काही लागत नाही.

पण आतडं चालू झालंय की नाही ते कळल्याशिवाय तोंडात पाण्यापलीकडं काही द्यायचं नव्हतं. चार दिवस डॉक्टर सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न विचारत होते, "वारा सरला का?" मी मान हलवायचो. काल संध्याकाळपासून सगळ्यांचे चेहरे उतरले होते. शिवण सुटली की काय, हे प्रत्येकाच्या मनात होतं.

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी सरला. चांगला दणदणीत. शेजारच्या खाटेवरचा माणूस जागा झाला. सर्जेराव उठला आणि तडक निघून गेला. मला वाटलं, चिडला. अर्ध्या तासानं किलोभर पेढे घेऊन आला आणि वॉर्डभर वाटले.

कुणीतरी विचारलं, "नातू झाला का?"

"न्हाई," हा गंभीरपणानं म्हणाला, "गडी पादला."

नर्सही हसून खुर्चीत बसली. दुनियेत अशा गोष्टीसाठी पेढे वाटणारा एकच माणूस असेल आणि तो माझा दोस्त आहे.

३१ मार्च, सोमवार

ईद. शीरखुर्मा दोन चमचे. सर्जेराव, लीलाबाई, सारिका, अजित, सगळे आले. सुभेदारही दारात बसून होता, आता चार किलो सहाशे. त्याचीही तब्येत सुधारली म्हणायची.

२० एप्रिल, रविवार

लग्नाचा बेत ठरवला. मसालेभात, डाळीत दुधी घालून दालचा, वांग्याचा रस्सा, बुंदी. भाताशेजारी डाळ हवीच, असं मी सांगितलं आणि मण्यांचं सगळं समजावलं. लीलाबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजी वरनभात चांगला. मग येवढं दवाखान्यात कशापाई शिकिवत्यात?"

वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. खालिद आणि पोरं उचलतील, मी खुर्चीवर बसून ओरडेन.

अजून भूक म्हणून लागत नाही. घड्याळ बघून खातो. शिवानीताई म्हणतात, लागेल. पण पुढच्या बाजूला चौथ्या रकान्यात साडेतीन महिने एकच शब्द लिहितोय.

१८ मे, रविवार

भोंगवलीत पहाटे डेगी चढल्या. आधी तांदूळ पाण्यात हात घालून मी स्वतः पाहिला, मग बिस्मिल्ला म्हणून खुर्चीवर बसलो. खालिदला इतका ओरडलो की त्याला खात्री पटली, अब्बा बरे झाले.

मांडवात वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, सारिका पांढऱ्या साडीत उभी होती. बारशाला झोळीत होती ती. लग्न लागलं. मी चुलाणाकडून पाहिलं आणि परत डेगीकडं वळलो. हाताच्या पाठीवर मीठ चाखलं. बरोबर होतं. भात खालून लागला नव्हता.

पहिली पंगत बसली. सर्जेराव आला आणि माझं मनगट धरलं.

"चल."

"कुठं?"

"पानावर."

"सर्जा, आचारी शेवटी जेवतो. उस्तादांचा नियम आहे."

"आतड्याचा नियम येगळा हाय. तूच सांगितलंस, समद्या भोंगवलीला."

ओढतच नेलं. पहिल्या पंगतीत, अजितच्या आईशेजारी बसवलं. चाळीस वर्षांत मी लग्नात पानावर बसलो नव्हतो. हात कुठं ठेवावेत कळेना. अजितची आई म्हणाली, "बसा भाऊ, बसा. तुमच्यासाठीच तर थांबलो. आमी फेब्रुवारीतच उरकनार हुतो, हॉल बी बघितला हुता. पर सर्जेरावांनी पाय रोवलं. म्हनले, आचारी उभा ऱ्हाईस्तवर माजी पोरगी बोहल्यावर चढनार न्हाई. मग अजित बी त्येंच्याच बाजूनं."

मी सर्जेरावकडं पाहिलं. तो दुसरीकडं बघून टोपी नीट करत होता.

तेवढ्यात पुढ्यात बादली आली. वर पाहिलं तर नवरी. पांढऱ्या साडीचा पदर खोचून, पळी हातात घेऊन. तिनं माझ्या भातावर दालचा वाढला, घट्ट, दुधीच्या फोडीसकट, आणि वाकून म्हणाली, "वरचं पाणी नाही चाचा. बुडापासून ढवळून आणलंय."

सगळी पंगत हसली. म्हणजे उत्रोली, भोंगवली, वरवे, सगळ्यांना बोका माहीत होता. शब्दाचा पक्का म्हणे.

घास कालवला. वास नाकात गेला, माझ्याच डेगीचा, आणि या वेळी वासानं पोट भरलं नाही.

संध्याकाळी घरी येऊन वही पुढून उघडली आणि भरली:

वेळ: दुपारी १२.४०, पहिली पंगत.
काय खाल्लं: मसालेभात, दालचा, वांगं, बुंदी.
किती: दोनदा मागून घेतलं.
भूक: होती.